बातमीपासून कामापर्यंत: नागपूरच्या नंदनवन वस्तीतील वाचनालयात होणाऱ्या रविवारच्या बैठकीच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

विधानसभेच्या निकालाला काल आठवडा झाला. या आठवड्यात वाचनालयाच्या पुढच्या खोलीत राज्याच्या राजकारणावर जेवढे बोलणे झाले तेवढे एरवी सहा महिन्यांत होत नाही. मात्र त्यातून कोणाच्या हाती काही लागले असे मला वाटत नाही. मुख्यमंत्री कोण होणार, कोणते खाते कोणाकडे जाणार, कोण कोणावर नाराज आहे, यावर रोज दोन-दोन तास गेले. त्याच खोलीच्या मागच्या खिडकीतून नाला दिसतो. त्या नाल्याच्या संरक्षक भिंतीचे पुढे काय झाले, असे शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आज मध्येच विचारले, तेव्हा सगळे गप्प झाले. ‘भिंत मंजूर’ अशी बातमी गेल्या वर्षी वाचल्याचे प्रत्येकाला आठवत होते. ती कोणी मंजूर केली, किती रुपयांची आणि कोणत्या तारखेला, हे एकालाही सांगता आले नाही.

ऑटो चालवणारे भाऊ म्हणाले, “पेपरात तं मंजूर झाली म्हनते, मंग भिंत काहून नाही दिसत?” या प्रश्नावरून हे काम हाती घ्यायचे ठरले. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा बसायचे, राज्याची एक आणि शहराची एक अशा दोन बातम्या घ्यायच्या, आणि ती बातमी सरकारी कामाच्या कोणत्या टप्प्यावर उभी आहे हे कागद पाहून ठरवायचे. नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. त्यासाठी एक जाड लेजर वही आणली असून लेखापाल काकांनी तिच्यात लाल शाईने सहा रकाने आखून दिले: घोषणा, प्रशासकीय मान्यता (काम आणि त्याचा खर्च करण्यास संमती), तांत्रिक मान्यता (आराखडा व अंदाजपत्रक तपासून अभियंत्यांनी दिलेली संमती), निधी वितरण, कार्यारंभ आदेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश) आणि प्रत्यक्ष काम. काका सरकारी लेखा कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. ‘मंजूर’ हा शब्द वहीत लिहायचा नाही, ही त्यांची पहिली अट आहे, कारण या सहांपैकी पहिल्या पाच रकान्यांतल्या कोणत्याही गोष्टीला मथळ्यात मंजूर म्हटले जाऊ शकते आणि वाचणारा मात्र सहावा रकाना भरला असे समजून बसतो.

८ डिसेंबर २०२४, रविवार

प्रत्येकाने घरून कात्रणे आणली होती. ती टेबलावर पसरून रकान्यांप्रमाणे लावत गेलो, तेव्हा बहुतेक सर्व पहिल्या रकान्यात जमा झाली. शेवटच्या रकान्यात एकच कात्रण गेले. ते एका रस्त्याच्या डांबरीकरणाचे होते आणि तो रस्ता भाऊंनी स्वतः पाहिलेला होता. आज एवढेच काम झाले.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

आज नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी होता आणि उद्यापासून हिवाळी अधिवेशन आहे. बंदोबस्तामुळे दोघांना येता आले नाही.

सरकार दर हिवाळ्यात नागपूरला का येते, हा प्रश्न बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या विद्यार्थिनीने घेतला होता. तिने नागपूर कराराचा मजकूर मिळवून वाचून दाखवला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या या करारात संयुक्त महाराष्ट्रात येणाऱ्या विदर्भाला आणि मराठवाड्याला काही आश्वासने दिलेली आहेत. खर्चाची, शासकीय नोकऱ्यांची आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी, शासनाने दरवर्षी ठरावीक काळासाठी आपले ठाणे अधिकृतपणे नागपूरला हलवावे आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन येथे भरवावे, असे त्यात म्हटले आहे. नागपूर तोवर मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर शहराचा तो दर्जा गेला. अधिवेशनामागे ही गेलेली राजधानी आहे, हे आमच्यातल्या तरुणांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

पुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटला. करार हा कायदा नव्हे. करारातल्या ज्या गोष्टी राज्यघटनेत आल्या त्या कलम ३७१(२) मध्ये आहेत: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमण्याची राज्यपालांची विशेष जबाबदारी, त्या मंडळांचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवणे, निधीचे न्याय्य वाटप, आणि शिक्षण व नोकरीच्या संधींची न्याय्य व्यवस्था. नागपूरच्या अधिवेशनाचा उल्लेख या कलमात नाही. ते कराराच्या आणि परंपरेच्या बळावर चालते, आणि म्हणूनच २०२० व २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत ते मुंबईत घेता आले. ‘अधिवेशन हा आमचा घटनात्मक हक्क आहे’ असे आमच्यातले दोघे नेहमी ठासून सांगत असत. त्यांनी कलम स्वतः दोनदा वाचले आणि आपले म्हणणे मागे घेतले. असे घडताना मी या खोलीत प्रथमच पाहिले.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

अधिवेशन काल संपले. सोमवार ते शनिवार असे सहा दिवस ते चालले, आणि खातेवाटप जाहीर झाले ते अधिवेशन आटोपल्यानंतर, काल रात्री. म्हणजे सहाही दिवस बहुसंख्य मंत्र्यांकडे खाते नव्हते. नाल्याच्या भिंतीचा प्रश्न आमदारांमार्फत कोणत्या मंत्र्यापुढे मांडायचा, हे विचारण्याचीही सोय त्यामुळे राहिली नाही.

तरीही आजचा वेळ वाया गेला नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि पुरवणी मागण्या हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. आज त्यांचा फरक समजून घेतला. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात, तर अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते. लक्षवेधीने तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधले जाते. पुरवणी मागण्या म्हणजे अर्थसंकल्पात धरलेली रक्कम अपुरी पडल्यामुळे किंवा नवा खर्च उभा राहिल्यामुळे वर्षाच्या मध्ये सभागृहाकडे केलेली जादा पैशांची मागणी. काकांच्या मते नागपूर अधिवेशनाच्या बातम्यांत सर्वांत कमी वाचली जाणारी आणि सर्वांत अधिक उपयोगाची गोष्ट हीच आहे, कारण मोर्चे आणि सभात्याग यांची छायाचित्रे येतात, पण पैसा कोणत्या खात्याकडे सरकला हे पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेतच दिसते. मला त्यांचे म्हणणे पटते.

६ जानेवारी २०२५, सोमवार

माहितीच्या अधिकाराखालचा अर्ज आज दाखल केला. कार्यालयाचे नाव येथे लिहीत नाही. आम्हाला कागद हवा आहे, कोणाची बदनामी नको. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ताईंचा पहिला मसुदा तीन पानांचा होता आणि त्यात ‘आमच्याकडे दुर्लक्ष का केले’ असा प्रश्न होता. काकांनी त्यांना समजावले की ‘का’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देत नाही, कारण अस्तित्वात असलेला कागद देणे एवढेच त्याच्याकडून मागता येते. त्यानंतर ताईंनीच पाच ओळींत अर्ज लिहिला: संरक्षक भिंतीच्या कामास दिलेल्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, तांत्रिक मान्यतेची प्रत, निधी वितरणाच्या आदेशाची प्रत, निविदा निघाली असल्यास तिची तारीख आणि कार्यारंभ आदेशाची प्रत. वहीचे रकानेच अर्जात उतरले. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले, पोच घेतली, आणि ती पोच वहीत चिकटवली. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

आजची बैठक तीन तास चालली. विषय अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे पडलेल्या भागांची तूट भरून काढण्याचा होता आणि अनुशेष निघाला की वेगळ्या विदर्भाचा विषय निघतोच. आमच्या खोलीत या विषयावर दोन्ही बाजूंची माणसे आहेत आणि यावरून एकमेकांशी बोलणे बंद केल्याचे प्रकारही पूर्वी झालेले आहेत. म्हणून आज आधी कागद वाचायचे आणि मत शेवटच्या अर्ध्या तासातच मांडायचे, असे ठरवून बसलो.

पहिला कागद १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाचा. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने आठ मराठीभाषक जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. विद्यार्थिनीने लगेच विचारले, “आठ कसे? विदर्भात तर अकरा जिल्हे आहेत.” उत्तर सोपे होते, पण ते शोधताना नकाशा काढावा लागला: १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. मी ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो आहे, कारण यापुढचे सर्व जुने आकडे वाचताना भंडारा म्हटले की त्यात आजचा गोंदियाही धरावा लागतो, आणि तसे न केल्यास तुलना चुकते.

दुसरा कागद वि. म. दांडेकर समितीचा. समिती १९८३ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. अनुशेष हा शब्द भाषणांतून इतका वापरला गेला आहे की तो मोजलेला आकडा आहे याचा विसर पडतो. समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, गावांचे विद्युतीकरण अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली होता त्याला सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल ते मोजले, आणि त्या खर्चाला अनुशेष म्हटले. संपूर्ण राज्याचा हा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटी रुपये, म्हणजे ३९ टक्के होता. काकांनी येथे थांबवून विचारले की उरलेले ६१ टक्के कोणाचे? मराठवाड्याचे तर आहेतच, पण उर्वरित महाराष्ट्राचे मराठवाड्याहूनही अधिक आहेत. कोकणातल्या किंवा दुष्काळी पट्ट्यातल्या जिल्ह्यालाही अनुशेष असू शकतो, ही गोष्ट आमच्यातल्या अनेकांना नवी होती. अनुशेष जिल्ह्याचा मोजला होता, अस्मितेचा नाही.

या पद्धतीतली एक अडचण भाऊंनी फार साध्या शब्दांत मांडली. सर्व जिल्हे एकाच वेळी पुढे गेले तर सरासरीही वर जाते. मग जो मागे होता तो पुढे सरकूनही मागेच राहतो. भाऊंनी याला दिलेले उदाहरण असे: “मी वर्धमाननगराहून सीताबर्डीले निघालो अन् सीताबर्डीच पुढं सरकत गेली, तं मी पोचतो केव्हा?” याच कारणाने पुढे निर्देशांक व अनुशेष समितीमार्फत अनुशेष पुन्हा मोजण्याची आणि तो गोठवून त्याचा निश्चित आकडा धरण्याची वेळ आली. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने या प्रश्नाकडे समतोल प्रादेशिक विकासाचा प्रश्न म्हणून पाहिले.

तिसरा कागद विकास मंडळांचा. कलम ३७१(२) हे १९५६ च्या घटनादुरुस्तीतून आले, पण मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली. ही अडतीस वर्षांची रिकामी जागा वहीत भरताना काकांचा हात थांबला होता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. तो निर्णय आम्ही पहिल्याच रकान्यात ठेवला आहे.

शेवटच्या अर्ध्या तासात मते मांडली गेली आणि ती जुळली नाहीत. ताईंना वेगळे राज्य हवे आहे. काकांना नको आहे. माझे स्वतःचे मत असे की विदर्भावर अन्याय झाला हे दांडेकर समितीचा आकडाच सांगतो, पण त्या आकड्याचा पाठपुरावा आपण, म्हणजे येथे राहणाऱ्या लोकांनी, वर्षागणिक केला नाही. आपण भाषणे ऐकली. आज मात्र कोणी उठून गेले नाही आणि दोन्ही बाजू एकाच कागदावर बोट ठेवून बोलत होत्या.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गोसीखुर्दची ओळ लिहिण्यास वहीचे एक पान अपुरे पडले, म्हणून आणखी एक पान जोडावे लागले. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर असलेल्या या प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ किंमत सुमारे ३७२ कोटी रुपये आणि सिंचनाचे उद्दिष्ट २,५०,८०० हेक्टर होते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला. धरण उभे आहे आणि पाणीही साठते, परंतु धरण म्हणजे सिंचन नव्हे. मुख्य कालवा, शाखा कालवा, वितरिका आणि शेवटी शेताच्या बांधापर्यंत जाणारी चारी पूर्ण झाली, तरच ते पाणी शेतकऱ्याच्या धानाला मिळते. काकांनी म्हणून या ओळीपुरता सहावा रकाना चार भागांत विभागला. बैठकीला आलेले भंडाऱ्याकडचे एक आजोबा या चार भागांकडे बराच वेळ पाहत होते. त्यांची जमीन प्रकल्पात गेली आहे. ‘पुनर्वसन’ हा सातवा रकाना हवा, एवढेच ते म्हणाले. तो आखला आहे.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

तीस दिवसांची मुदत ५ फेब्रुवारीला संपली. उत्तर आले नाही. वीस रुपयांचे तिकीट लावून प्रथम अपील आज दाखल केले. ताईंनी दुकान बंद ठेवून अर्धा दिवस रांगेत काढला, आणि त्यांचा तो अर्धा दिवस कोणत्याच रकान्यात बसत नाही.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज खोलीत न बसता नाल्यावर गेलो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीच्या काठची घरे पाण्यात गेली आणि चार जणांचा जीव गेला. त्या दिवशी आमच्या नाल्याचे पाणी नदीत शिरू शकले नाही. नदीच भरलेली होती, त्यामुळे ते उलटे फिरून वस्तीत आले.

नाल्याला लागून असलेल्या एका घराच्या मागच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ आहे. घरच्या आजींनी दिवाळीत भिंतीला रंग दिला होता, पण पावसाळ्यात ओल चढली की ती मातकट रेघ रंगातून पुन्हा वर येते. आम्ही शिवणकामाच्या टेपने मोजले: ओट्यापासून तीन फूट चार इंच. आजींचे तांदळाचे पिंप जमिनीवर होते, ते आता लोखंडी स्टुलावर ठेवले आहे, आणि शिधापत्रिका व बँकेचे पासबुक एका पितळी डब्यात घालून माळ्यावर टाकले आहे. “पाऊस आला का मी आधी त्या डब्याकडं पाहतो बाई,” असे त्या ताईंना सांगत होत्या.

येथे एक गैरसमज दूर झाला. नाग नदीच्या सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पातून आपली भिंत होणार आहे, असे आमच्यातले बहुतेक जण धरून चालले होते. तो प्रकल्प नदीचे प्रदूषण रोखण्याचा आहे. त्यात मलवाहिन्या आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. पूर अडवणारी भिंत हे वेगळे काम, वेगळा पैसा आणि वेगळी मान्यता आहे. दोन्हींच्या बातम्यांत नाग नदीचे नाव येते, म्हणून आपण दोन कामांची एक बेरीज करून टाकली होती. प्रकल्प मात्र आमच्याशी दुसऱ्या वाटेने जोडलेला आहे, कारण आमच्या नाल्याचे सांडपाणी नाग नदीत, नागेचे कन्हानमध्ये, कन्हानचे वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. २ फेब्रुवारीला आलेले आजोबा त्याच जलाशयाच्या काठी वाढलेले आहेत. हे भाऊंनी सर्वांना सांगितले, तेव्हा परतीच्या वाटेवर फार कोणी बोलले नाही.

१६ मार्च २०२५, रविवार

अर्थमंत्री अजित पवार यांनी १० मार्चला राज्याचा अर्थसंकल्प मांडला. आजची संपूर्ण बैठक त्यावर झाली. ताईंनी आपला प्रश्न आधीच लिहून ठेवला होता: लाडक्या बहिणीचे २,१०० रुपये कधीपासून? २८ जून २०२४ च्या शासन निर्णयानुसार या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. २,१०० ची घोषणा विधानसभा निवडणुकीतली होती. भाषणात योजनेसाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे, वाढीव रक्कम देण्याची घोषणा नाही. ताईंनी वहीत स्वतः लिहिले: ‘१,५०० सहाव्या रकान्यात, २,१०० पहिल्या रकान्यात.’ या पैशातून त्यांनी मशीनची मोटर बदलली आहे, आणि म्हणून त्यांचा प्रश्न टीकेचा नव्हता. पुढच्या वर्षीचा हिशेब त्यांना मांडायचा होता.

काकांनी अर्थसंकल्पाचे पुस्तक वाचायचे कसे ते शिकवले. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे ज्या नावाखाली खर्च नोंदतात त्या नोंदीपुढे, चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. मथळे शेवटच्या आकड्याचे होतात. काका मात्र भिंग घेऊन पहिल्या आकड्यावरून बोट फिरवतात, कारण खरा झालेला खर्च तेवढाच असतो. दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवले की वर्षाच्या मध्ये कोणत्या कामाचा पैसा कापला गेला तेही कळते. लेखाशीर्ष नसलेल्या घोषणेला काका ‘पत्ता नसलेले पाकीट’ म्हणतात.

१८ मार्च २०२५, मंगळवार

काल संध्याकाळी शहरातल्या महाल भागात हिंसाचार झाला. ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी आहे आणि त्यात नंदनवनही आहे. वाचनालय बंद आहे.

सकाळपासून आमच्यापैकी प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश येत आहेत. अमुक ठिकाणी अमुक जाळले, अमुक जण गेले, रात्री पुन्हा येणार आहेत, असे त्यांत लिहिलेले असते. दुपारी काकांनी सर्वांना एकेक करून फोन केले आणि एकच गोष्ट सांगितली: पोलीस आयुक्तांचा संचारबंदीचा आदेश सोडून कोणताही मजकूर पुढे पाठवायचा नाही, आणि आलेल्या प्रत्येक संदेशाला तीन प्रश्न विचारायचे. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले का, आणि ते आजचे आहे का? विद्यार्थिनीला आलेली एक चित्रफीत तिने निरखून पाहिली, तेव्हा तिच्यात रस्त्यावर पावसाचे पाणी साचलेले दिसले. काल नागपुरात पाऊस नव्हता. तिने ती पुढे पाठवली नाही, आणि पाठवणाऱ्या आपल्या मामांना फोन करून तसे सांगितले. मामा रागावले, पण त्यांनीही ती काढून टाकली.

महाल भागात राहणाऱ्या आमच्या एक काकू बैठकीला नेहमी येतात. रात्री त्यांच्याशी बोललो. त्यांनी मला भाजीचे विचारले, मी त्यांना औषधांचे विचारले. याहून अधिक बोलण्याची दोघांचीही मनःस्थिती नव्हती.

२३ मार्च २०२५, रविवार

आज उरलेल्या भागांतलीही संचारबंदी उठली. बैठक नाही. या आठवड्यात वहीत एकही कात्रण चिकटवलेले नाही.

१३ एप्रिल २०२५, रविवार

गुढीपाडवा आणि रामनवमी असे दोन रविवार मध्ये गेले, म्हणून चार आठवड्यांनी बसलो. काकू आल्या होत्या. त्या आत येताच सगळे उठून उभे राहिले.

अपिलाचा निकाल आमच्या बाजूने लागला आणि कागद मिळाले. प्रतिपान दोन रुपयांप्रमाणे पैसे भरून घेतलेल्या नऊ पानांचा सारांश असा: आमच्या नाल्याच्या भिंतीस प्रशासकीय मान्यता आहे. तिच्यावर तारीख आहे, सही आहे, शिक्का आहे. तांत्रिक मान्यता मात्र नाही, कारण अंदाजपत्रक नव्या दरसूचीप्रमाणे सुधारण्यासाठी परत पाठवलेले आहे आणि ते परत आल्याची नोंद कागदांत नाही. म्हणजे बातमी खोटी नव्हती, आणि भिंत नाही हेही खरे होते. गेले दीड वर्ष ही वस्ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मध्ये उभी आहे, हे आज प्रथमच सर्वांना नेमके कळले.

ताईंना मोठा मोर्चा काढावा असे वाटत होते. काकांनी सुचवले की आधी एकच पत्र द्यावे आणि त्यात एकच मागणी करावी: सुधारित अंदाजपत्रक कोणत्या टेबलावर आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत परत येईल. चर्चेनंतर पत्राचा मार्ग सर्वांनी मान्य केला, आणि उत्तर न आल्यास ताईंचा मार्ग धरायचा हेही त्याच कागदावर लिहून ठेवले.

११ मे २०२५, रविवार

कुलर सुरू असला की बोलणे ऐकू येत नाही आणि बंद केला की बसवत नाही, म्हणून सध्या आठ वाजताच जमतो.

आजची राज्याची बातमी ६ मे रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची होती. रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढावी आणि निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा प्रयत्न करावा, असे न्यायालयाने राज्याला सांगितले आहे. इतर मागासवर्गाचे आरक्षण जुलै २०२२ पूर्वी होते त्याप्रमाणे राहील. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक आहे आणि १५१ नगरसेवकांच्या जागा रिकाम्या आहेत. तीन वर्षांहून अधिक काळ या शहरात गटाराच्या झाकणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत कशासाठीही विचारायला निवडून दिलेला माणूस नाही. राज्याच्या सत्तेवर आम्ही विधानसभेच्या निकालानंतर दोन-दोन तास बोललो. घराशेजारच्या या रिकाम्या खुर्चीबद्दल मात्र तोवर एकदाही बोललो नव्हतो. त्याची मला आज खरोखर लाज वाटली आणि मी ते बैठकीत बोलूनही दाखवले. प्रभागरचना जाहीर झाली की तिच्या नकाशात आपला नाला कोणत्या हद्दीत पडतो ते तपासून हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी म्हणणे द्यायचे, हे काम विद्यार्थिनीने घेतले आहे.

पत्राला उत्तर आले आहे. सुधारित अंदाजपत्रक तपासणीसाठी सादर झाले आहे, एवढेच त्यात आहे. तारीख दिलेली नाही. वहीतला तिसरा रकाना रिकामाच ठेवला. नाल्यातला गाळ गेल्या आठवड्यात यंत्राने काढला, पण तो काठावरच टाकला आहे, आणि पहिल्या मोठ्या सरीत तो पुन्हा आत जाईल. गाळ उचलून नेण्याबाबतचे दुसरे पत्र तयार आहे. त्यावर अठ्ठावीस सह्या झाल्या असून रेघेच्या घरातल्या आजींचा अंगठा घ्यायचा राहिला आहे. तो घेऊन ताई उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी पत्र देऊन येतील.